राउटर यंत्राच्या आज्ञावलीतील आरंभखंड व समाप्तिखंड

संगणकीय संख्यात्मक नियंत्रणाखाली (सीएनसी) चालणाऱ्या राउटर यंत्राच्या आज्ञावलीत प्रत्यक्ष कापण्याच्या मार्गाखेरीज प्रारंभी व शेवटी ज्या ठराविक आज्ञा घालतात, त्यांना अनुक्रमे आरंभखंड व समाप्तिखंड म्हणतात. आरंभखंडामुळे कापण्यास सुरुवात होण्यापूर्वी यंत्र एका निश्चित व ज्ञात स्थितीत येते. समाप्तिखंडामुळे काम संपल्यावर कटर मालापासून दूर जातो, स्पिंडल थांबते आणि यंत्र पुढील कामासाठी निर्धोक स्थितीत राहते. एखाद्या कोरीव कामाच्या आज्ञावलीत काही हजार ओळी असतात आणि हे दोन खंड मिळून जेमतेम दहा-पंधरा ओळींचे असतात. या ओळी लाकडाचा एक कपचाही काढीत नाहीत; तथापि त्या चुकल्या वा गाळल्या गेल्या, तर कटर मोडणे, मंचात भोक पडणे, शिकंज्यावर कटर आदळणे व कारागिरास इजा होणे असे अपघात घडू शकतात.

राउटर यंत्र : लाकूड, प्लायवुड, मध्यम घनतेचा तंतुफलक (एमडीएफ), ॲक्रिलिक, ॲल्युमिनियमाचा पत्रा इ. सपाट माल कापणे, कोरणे व त्यात खाचा पाडणे या कामांसाठी हे यंत्र वापरतात. त्यात माल आडव्या मंचावर शिकंजे, स्क्रू किंवा निर्वात चूषण यांच्या साहाय्याने पक्का बसवितात. मंचावरून सरकणाऱ्या आडव्या पुलावर (गॅन्ट्रीवर) स्पिंडल बसविलेले असते. पुलाची मागेपुढे, स्पिंडलाची पुलावरून आडवी व वरखाली अशा तीन गती असतात. त्यांच्या दिशांना एक्स, वाय व झेड अक्ष म्हणतात. यांपैकी झेड अक्ष उभा असतो. स्पिंडल सामान्यतः दर मिनिटास १८,००० ते २४,००० फेरे या वेगाने फिरते. कटर कोणत्या बिंदूकडे, कोणत्या मार्गाने व किती वेगाने न्यावयाचा हे सांगणाऱ्या आज्ञा जी-कोड या संकेतभाषेत लिहितात. या भाषेतील ‘जी’ अक्षराच्या आज्ञा गती व मापनपद्धती यांविषयीच्या, तर ‘एम’ अक्षराच्या आज्ञा स्पिंडल, शीतक, विराम यांसारख्या साहाय्यक क्रियांविषयीच्या असतात. यंत्रास या आज्ञा रोमन लिपीतच द्याव्या लागतात. प्रस्तुत लेखात वाचनाच्या सोयीसाठी त्या देवनागरीत दिल्या आहेत.

ऐतिहासिक पार्श्वभूमी : अमेरिकेतील जॉन पार्सन्स यांच्या कल्पनेवरून आणि अमेरिकन हवाई दलाच्या आर्थिक साहाय्याने मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीच्या प्रयोगशाळेत संख्यात्मक नियंत्रणाचे पहिले मिलिंग यंत्र तयार झाले व १९५२ मध्ये त्याचे प्रात्यक्षिक करण्यात आले. त्या काळी आज्ञा कागदी फितीवर छिद्रे पाडून यंत्रास देत असत. त्या फितीच्या खुणा आजच्या आज्ञावलीतही टिकून आहेत. अनेक आज्ञावलींच्या पहिल्या ओळीत केवळ टक्केचिन्ह असते. फीत उलट गुंडाळताना ती कोठे थांबवावयाची हे त्यावरून यंत्रास कळत असे. त्याचप्रमाणे एम०२ म्हणजे आज्ञावलीची समाप्ती आणि एम३० म्हणजे समाप्तीनंतर फीत पुन्हा प्रारंभापर्यंत गुंडाळणे, असा भेद होता. फिती गेल्या, पण एम३० ही समाप्तीची आज्ञा म्हणून कायम राहिली.

जी-कोडाचे प्रमाणीकरण अमेरिकेत आरएस-२७४ या मानकाने झाले. त्याची ‘डी’ आवृत्ती १९८० मध्ये मान्य झाली. आंतरराष्ट्रीय मानक संघटनेचे ६९८३ क्रमांकाचे मानक १९८२ मध्ये प्रसिद्ध झाले. या मानकांनी भाषेचा गाभा ठरवून दिला असला, तरी अनेक बाबी यंत्र बनविणाऱ्यांवर सोपविल्या. त्यामुळे प्रत्येक नियंत्रकाची स्वतःची बोली निर्माण झाली. अमेरिकेच्या नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ स्टँडर्ड्स अँड टेक्नॉलॉजी या संस्थेने २००० मध्ये या भाषेच्या एका सविस्तर रूपाचे वर्णन प्रसिद्ध केले. लिनक्स-सीएनसी हा मुक्त नियंत्रक त्याच परंपरेतील आहे. २००९ मध्ये नॉर्वेतील सिमेन स्वाले स्कॉग्सरूड यांनी ग्रबल हा अगदी लहान सूक्ष्मनियंत्रकावर चालणारा मुक्त कार्यक्रम सुरू केला. अशा कार्यक्रमांमुळे, पूर्वी मोठ्या कारखान्यांपुरती असलेली ही यंत्रे सुतारकामाच्या लहान कार्यशाळांच्या आवाक्यात आली. मोठ्या कारखान्यात आज्ञावली लिहिणारा, यंत्र मांडणारा व ते चालविणारा ही माणसे बहुधा वेगवेगळी असतात. लहान कार्यशाळेत ही सर्व कामे एकच कारागीर करतो. म्हणून आरंभ व समाप्ती या खंडांचे मर्म समजून घेणे त्याला अधिक आवश्यक ठरते.

टिकून राहणाऱ्या आज्ञा : या खंडांची गरज जी-कोडाच्या एका मूलभूत गुणधर्मातून उद्‌भवते. त्यातील पुष्कळशा आज्ञा एकदा दिल्या की, त्यांच्या गटातील दुसरी आज्ञा येईपर्यंत अमलात राहतात. उदा., जी२१ ही आज्ञा दिल्यावर पुढील सर्व आकडे मिलिमीटरमध्ये आहेत असे नियंत्रक मानतो. जी२० दिल्यास ते इंचांत आहेत असे मानतो. जी९० असता सहनिर्देशक ठरलेल्या मूळ बिंदूपासून मोजले जातात, तर जी९१ असता कटर जेथे आहे तेथून पुढे मोजले जातात. या पद्धतीमुळे प्रत्येक ओळीत सर्व माहिती पुन्हा द्यावी लागत नाही व आज्ञावली आटोपशीर राहते. मात्र आधीच्या कामाने किंवा हाताने दिलेल्या एखाद्या आज्ञेने यंत्रास ज्या स्थितीत सोडले असेल, त्याच स्थितीत नव्या कामाची पहिली ओळ वाचली जाण्याचा संभव राहतो. नियंत्रक चालू होताना काही मूलस्थिती आपोआप धरतो व समाप्तीच्या आज्ञेनेही काही स्थिती पूर्ववत होतात. परंतु सर्व होत नाहीत. ग्रबल व लिनक्स-सीएनसी या दोहोंत एम३० मुळे जी९० पुन्हा लागू होते, पण मापनाचे एकक मात्र आधीचेच राहते.

याचा परिणाम एका उदाहरणावरून स्पष्ट होईल. गोदावरीकाठच्या पुणतांबा (ता. राहाता, जि. अहिल्यानगर) या गावाच्या नावाची ६०० मिमी. लांब, २०० मिमी. रुंद व १८ मिमी. जाड लाकडी पाटी कोरावयाची आहे आणि अक्षरांची खोली ४ मिमी. ठेवावयाची आहे, असे समजू. आज्ञावलीत कटर खाली नेण्यासाठी ‘झेड-४’ असे लिहिलेले असेल. आधीचे काम इंचांत झालेले असून नव्या आज्ञावलीत एककाची आज्ञा नसेल, तर नियंत्रक याचा अर्थ ४ इंच म्हणजे १०१.६ मिमी. असा घेईल. कटर १८ मिमी.ची फळी भेदून मंचात शिरेल. पाटीच्या ६०० मिमी. लांबीचे ६०० इंच, म्हणजे १५ मी.हून अधिक होतील व पूल आपल्या टोकाच्या अडसरावर जाऊन आदळेल. यात आज्ञावली लिहिणाऱ्याचे आकडे चुकलेले नसतात आणि यंत्रही बिघडलेले नसते. फक्त दोघांमध्ये एका ओळीचा करार झालेला नसतो.

जी९१ चुकून लागू राहिल्यास होणारा घोटाळा वेगळ्या प्रकारचा असतो. ‘पुणतांबा’ या शब्दातील अक्षरे शिरोरेषेने जोडलेली असल्यामुळे ती बहुतांशी एका सलग खाचेत कोरता येतात. परंतु ‘तां’वरील अनुस्वार हा स्वतंत्र खळगा असतो. त्याच्याकडे जाण्यासाठी कटर उचलून हवेतून न्यावा लागतो. सहनिर्देशक मूळ बिंदूपासून मोजण्याऐवजी चालू स्थानात मिळविले गेले, तर प्रत्येक ओळीबरोबर चूक वाढत जाते आणि कटर पाटीबाहेर, कदाचित शिकंज्यावर, जातो.

आरंभखंड : वरील पाटीसाठी ६ मिमी. व्यासाचा दुधारी कटर वापरावयाचा असल्यास आरंभखंड पुढीलप्रमाणे लिहिता येईल :

जी१७ जी२१ जी४० जी४९ जी८० जी९० जी९४
जी५४
जी५३ जी० झेड-५
एम३ एस१८०००
जी४ पी८
जी० एक्स४० वाय५०
जी० झेड६

पहिल्या ओळीस कारागीर ‘सुरक्षा ओळ’ म्हणतात. तीत कोणतीही हालचाल नसते. जी१७ मुळे वर्तुळाकार गती आडव्या पातळीत घेतल्या जातात. जी२१ व जी९० यांचे कार्य वर सांगितलेच आहे. जी४० मुळे कटरच्या त्रिज्येची, तर जी४९ मुळे त्याच्या लांबीची आधी लागू असलेली भरपाई रद्द होते. जी८० मुळे छिद्रे पाडण्याची आवर्ती क्रिया रद्द होते आणि जी९४ मुळे सरकवेग दर मिनिटास मिमी. असा धरला जातो. ज्या यंत्रात कटरच्या लांबीची भरपाई वापरली जाते, तेथे ती या ओळीनंतर व कटर खाली आणण्यापूर्वी पुन्हा लागू करावी लागते.

दुसऱ्या ओळीतील जी५४ मुळे कामाचा मूळ बिंदू कोणता, हे ठरते. यंत्रास स्वतःची एक स्थिर सहनिर्देशक पद्धती असते. तिचा मूळ बिंदू यंत्र आपल्या मर्यादादर्शक खटक्यांपर्यंत जाऊन शोधते. कामाचा मूळ बिंदू मात्र कारागीर ठरवितो, उदा., फळीचा डावीकडील पुढचा कोपरा व तिचा पृष्ठभाग. असे अनेक मूळ बिंदू जी५४ ते जी५९ या नावांनी साठविता येतात. आज्ञावलीत नाव न दिल्यास, आधीच्या कामाचा बिंदू लागू राहू शकतो.

तिसऱ्या ओळीत कटर वर उचलला जातो. हे काम अनेकदा ‘जी० झेड२०’ अशा आज्ञेने, म्हणजे फळीच्या पृष्ठापासून २० मिमी. उंचीवर, करतात. ती पद्धत दिसते तितकी निर्धोक नाही. कटर त्या वेळी पृष्ठापासून ६० मिमी. उंचीवर असेल, तर हीच आज्ञा त्याला ४० मिमी. खाली आणील, आणि त्याखाली त्या क्षणी उंच शिकंजा असेल, तर टक्कर अटळ होते. जी५३ मुळे ती एक ओळ यंत्राच्या स्वतःच्या सहनिर्देशकांत वाचली जाते. झेड अक्षाचा वरचा शेवट शून्य मानणाऱ्या यंत्रात ‘झेड-५’ म्हणजे वरच्या टोकापासून ५ मिमी. खाली. फळी जाड असो वा पातळ, ही उंची बदलत नाही. टोकाशी अगदी शून्यावर न जाता काही अंतर राखतात, कारण तेथे मर्यादादर्शक खटका असतो व तो दाबला गेल्यास यंत्र बंद पडते. यंत्राने चालू झाल्यावर आपला मूळ बिंदू शोधलेला नसेल, तर मात्र जी५३ वर विसंबता येत नाही.

चौथी ओळ स्पिंडल घड्याळाच्या काट्याच्या दिशेने, दर मिनिटास १८,००० फेरे या वेगाने चालू करते व पाचवी ओळ ८ सेकंद थांबावयास सांगते. हा विराम अनावश्यक वाटतो, पण त्यामागे साधे गणित आहे. दर मिनिटास १८,००० फेरे घेणारा दुधारी कटर मिनिटास ३६,००० वेळा लाकडात चावतो. सरकवेग दर मिनिटास ३,६०० मिमी. असल्यास प्रत्येक चाव्यास ०.१ मिमी. जाडीचा कपचा निघतो. स्पिंडलचा वेग वाढत असताना, समजा केवळ ३,००० फेऱ्यांवर, कटर मालात शिरला, तर प्रत्येक धारेवर ०.६ मिमी.चा, म्हणजे सहापट भार येतो. बारीक कटर अशा वेळी मोडतो. मोडलेला तुकडा मोठ्या वेगाने उडतो. विजेच्या वारंवारतेत बदल करून वेग नियंत्रित करणाऱ्या साधनास पूर्ण वेग गाठण्यास काही सेकंद लागतात. विराम किती ठेवावयाचा हे त्या यंत्रावर घड्याळ लावूनच ठरवावे लागते.

शेवटच्या दोन ओळींत आधी आडवी व नंतर उभी हालचाल होते. हा क्रम कधीही उलटा करीत नाहीत व तिन्ही अक्ष एका ओळीत एकदम हलवीतही नाहीत. कारण कटर तिरका खाली येताना वाटेतील अडथळ्यावर आदळू शकतो. यापुढील पहिल्या कर्तनगतीच्या ओळीत सरकवेग लिहिलेला असणे आवश्यक असते, कारण तोही टिकून राहणारा आकडा आहे.

ज्या यंत्रावर साधे हातराउटर बसविलेले असते व त्याचा खटका हातानेच दाबावा लागतो, तेथे एम३ या आज्ञेचा काही परिणाम होत नाही. अशा यंत्रात त्या जागी एम० ही विरामाची आज्ञा घालतात. यंत्र वर थांबून राहते, कारागीर राउटर चालू करतो व कळ दाबून काम पुढे नेतो. ही ओळ गाळल्यास न फिरणारा कटर लाकडात घुसविला जातो.

समाप्तिखंड : त्याच पाटीचा समाप्तिखंड असा असू शकेल :

जी५३ जी० झेड-५
एम५
जी४ पी१०
एम९
जी५३ जी० वाय-१०
एम३०

येथे क्रमाला सर्वाधिक महत्त्व आहे. प्रथम कटर मालातून बाहेर काढावयाचा व मगच स्पिंडल थांबवावयाचे. उलट केल्यास थांबत असलेला कटर खाचेत अडकतो, लाकूड जळते किंवा कटर तुटतो. एम५ दिल्यानंतरही स्पिंडल लगेच थांबत नाही, म्हणून तिसऱ्या ओळीत १० सेकंदांचा विराम आहे. कारागीर याच क्षणी पाटी काढण्यासाठी हात पुढे करण्याचा संभव असतो, त्यामुळे पूल मागे सरकण्याचे काम स्पिंडल थांबल्यावरच होते. एम९ ही मूलतः शीतक बंद करण्याची आज्ञा आहे. लाकूडकामात शीतक वापरीत नसल्यामुळे तिला जोडलेला विद्युत् खटका भुसा ओढणारा पंखा किंवा चूषणपंप यांसाठी वापरतात. चूषणाने माल धरलेला असल्यास स्पिंडल पूर्ण थांबण्यापूर्वी पंप बंद होता कामा नये. अन्यथा सुटलेला तुकडा फिरत्या कटरवर जाऊन फेकला जातो. भुसा ओढणारा पंखाही थोडा वेळ चालू राहणे हितकर असते. लाकडाची धूळ मानवात कर्करोगकारक असल्याचा निष्कर्ष जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने १९९५ मध्ये प्रसिद्ध केला आहे.

पाचव्या ओळीमुळे पूल मागे जातो व माल काढण्यास जागा मोकळी होते. तेथील आकडा यंत्राचा मूळ बिंदू कोणत्या कोपऱ्यात आहे यावर अवलंबून असतो. हेच काम पुष्कळजण जी२८ या मूलस्थानी परतण्याच्या आज्ञेने करतात. तीत एक खोच आहे. तिच्यासोबत सहनिर्देशक दिल्यास यंत्र आधी त्या मधल्या बिंदूकडे जाते व मग मूलस्थानी. ‘जी९० जी२८ झेड०’ असे लिहिल्यास मधला बिंदू म्हणजे फळीचा पृष्ठभागच होतो आणि वर जाण्याऐवजी कटर प्रथम झपाट्याने खाली येतो. म्हणून ‘जी९१ जी२८ झेड०’ असे लिहितात. तेव्हा मधला बिंदू म्हणजे चालू स्थान होते. मात्र त्यानंतर जी९० पुन्हा न लिहिल्यास, तीच स्थिती पुढील कामात उतरण्याचा धोका उरतो. समाप्तिखंड नीट असला, तरी आरंभखंडात जी९० लिहावेच लागते, कारण आधीचे काम मध्येच बंद केलेले असल्यास त्याचा समाप्तिखंड वाचलाच गेलेला नसतो. आरंभखंडाने समाप्तिखंडावर भरवसा ठेवू नये, हा या विषयातील प्रमुख नियम होय.

नियंत्रकांतील भेद : एका यंत्रावर उत्तम चालणारे खंड दुसऱ्यावर जसेच्या तसे उतरविणे धोक्याचे असते. विरामाची जी४ ही आज्ञा याचे ठळक उदाहरण आहे. लिनक्स-सीएनसी व ग्रबल यांत ‘पी’पुढील आकडा सेकंदांचा असतो, तर फॅनुक नियंत्रकांत तो मिलिसेकंदांचा असतो. ‘पी८’ ही फॅनुकवर न जाणवणारी क्षणिक थांबणूक होईल; उलट फॅनुकसाठी लिहिलेले ‘पी८०००’ ग्रबलवर यंत्रास सव्वादोन तासांच्या आसपास थांबवून ठेवील. वळणांवर गती गुळगुळीत राखणारी जी६४ ही आज्ञा लिनक्स-सीएनसीस समजते. ग्रबल ती नाकारून त्रुटी दाखवितो. कटर बदलण्याची एम६ ही आज्ञा आपोआप कटर बदलणाऱ्या यंत्रात प्रत्यक्ष हालचाल घडविते, तर काही लहान नियंत्रकांत ती चालतच नाही. शॉपबॉट या राउटर यंत्रांना तर जी-कोडाहून वेगळी स्वतःची आज्ञाभाषा आहे. अपरिचित आज्ञा मिळाल्यावर नियंत्रक थांबला, तर नुकसान वेळेचेच होते. तो ती ओळ निमूटपणे ओलांडून पुढे गेला, तर ते अधिक घातक असते.

खंड कोठे लिहावेत : सांप्रत कटरचा मार्ग हाताने लिहीत नाहीत. संगणकावरील आराखड्यावरून तो आपोआप तयार होतो व पोस्ट-प्रोसेसर नावाचा लहान कार्यक्रम त्याचे विशिष्ट नियंत्रकाच्या बोलीत रूपांतर करतो. व्हेक्ट्रिक कंपनीच्या व्हीकार्व्ह या कार्यक्रमात पोस्ट-प्रोसेसरच्या फाइलमध्ये शीर्ष व तळ असे दोन विभाग असतात. फ्रीकॅड या मुक्त कार्यक्रमात आरंभीचा व शेवटचा मजकूर वेगळा भरता येतो. ऑटोडेस्कच्या फ्यूजनमध्ये पोस्ट-प्रोसेसर जावास्क्रिप्ट भाषेत लिहिलेला असतो व त्यात फेरबदल करता येतो. नेहमीचे खंड येथेच एकदा लिहून ठेवणे श्रेयस्कर असते. प्रत्येक तयार फाइल उघडून तीत हाताने ओळी घातल्यास, केव्हा तरी एखादी ओळ राहून जाते. मूळ पोस्ट-प्रोसेसरमध्ये बदल न करता त्याची प्रत करून, तिला यंत्राचे नाव देऊन त्या प्रतीत बदल करतात. स्पिंडलचा वेग, सुरक्षित उंची यांसारखे कामागणिक बदलणारे आकडे तेथे कायमचे न लिहिता चलाच्या रूपात ठेवतात, म्हणजे आराखड्यात निवडलेला आकडाच उतरतो. कंसात लिहिलेला मजकूर नियंत्रक आज्ञा म्हणून वाचीत नाही. म्हणून आरंभखंडात कटरचा व्यास, फळीची जाडी व झेडचे शून्य पृष्ठावर आहे की मंचावर, याची नोंद कंसात करतात. ही नोंद यंत्रासाठी नसून माणसासाठी असते. झेडचे शून्य कोठे, या एका प्रश्नावरील गैरसमजाने १८ मिमी.ची चूक होते.

खंडित काम व वीजपुरवठा : लहान राउटर यंत्रांत बहुधा स्टेपर मोटरी असतात. नियंत्रक त्यांना किती पावले टाकावयाची हे सांगतो, परंतु ती खरोखर पडली की नाही हे त्याला कळत नाही. वीज गेल्यास किंवा कटर अडकून मोटर घसरल्यास नियंत्रकाच्या हिशेबातील स्थान व खरे स्थान यांत फरक पडतो. वीजपुरवठा अधूनमधून खंडित होणाऱ्या भागांत ही अडचण नित्याची असते. अशा वेळी राहिलेल्या ओळीपासून आज्ञावली सुरू करण्याचा मोह होतो. पण मधूनच सुरुवात केल्यास आरंभखंड वाचला जात नाही. एकक, मापनपद्धती, मूळ बिंदू व स्पिंडल यांपैकी काहीच निश्चित राहत नाही. म्हणून प्रथम कटर हाताने वर घेऊन यंत्रास त्याचा मूळ बिंदू पुन्हा शोधावयास लावतात, कामाचा मूळ बिंदू फळीवर पडताळून पाहतात आणि आरंभखंड पूर्ण देऊन मगच राहिलेल्या भागाकडे वळतात. ग्रबलमध्ये जी५४ चा बिंदू वीज गेल्यावरही स्मृतीत राहतो. जी९२ या आज्ञेने तात्पुरता सरकविलेला बिंदू मात्र पुसला जातो. म्हणून कामाचा बिंदू जी५४ मध्ये ठेवणे अधिक विश्वसनीय ठरते. शक्य असल्यास मोठे काम अनेक लहान आज्ञावलींत विभागतात. प्रत्येकीस स्वतःचे दोन्ही खंड असल्यामुळे खंडित कामाचे नुकसान मर्यादित राहते.

पडताळणी व मर्यादा : नवा वा बदललेला खंड वापरण्यापूर्वी तो टप्प्याटप्प्याने तपासतात. प्रथम संगणकावर मार्गाचे चित्र पाहतात. नंतर कटर न लावता, झेडचे शून्य फळीपासून पुरेसे वर मानून, यंत्र हवेत चालवितात व हात तातडीच्या थांबा-कळीपाशी ठेवतात. शेवटी टाकाऊ लाकडावर कमी वेगाने काम करून पाहतात. नियंत्रकात अक्षांच्या मर्यादा भरून ठेवल्यास, त्या ओलांडणारी आज्ञा तो नाकारतो. इंच-मिलिमीटरच्या घोटाळ्यात हे संरक्षण उपयोगी पडते. तथापि हे खंड म्हणजे केवळ मजकूर होत, हे विसरता येत नाही. शिकंजा सैल असणे, कॉलेट नीट न आवळणे, चुकीचा कटर लावणे यांचा पत्ता कोणत्याही ओळीस लागत नाही. कटर बदलताना एम५ वर न विसंबता स्पिंडलचा वीजपुरवठाच तोडावा लागतो. तातडीची थांबा-कळ आज्ञावलीवर अवलंबून नसून तिने वीज थेट तोडली पाहिजे.

महाराष्ट्रातील संदर्भ : ग्रामीण महाराष्ट्रात अशा यंत्रांची ओळख करून देणाऱ्या संस्थांमध्ये पुणे जिल्ह्यातील पाबळ (ता. शिरूर) येथील विज्ञान आश्रम उल्लेखनीय आहे. हिंदुस्थान लिव्हरच्या संशोधन केंद्रात काम केलेले शास्त्रज्ञ डॉ. श्रीनाथ कलबाग (१९२८–२००३) यांनी तो १९८३ मध्ये स्थापन केला. हाताने काम करता करता शिकणे हे त्याच्या शिक्षणपद्धतीचे सूत्र आहे. मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतील नील गर्शेनफेल्ड यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘फॅब लॅब’ या कार्यशाळांपैकी त्या संस्थेबाहेरील अगदी पहिल्या कार्यशाळांत पाबळच्या कार्यशाळेची (२००२) गणना होते. या कार्यशाळांच्या प्रमाण साधनसूचीत लेसर कर्तनयंत्र, लहान मिलिंग यंत्र यांच्याबरोबर मोठे राउटर यंत्रही असते. म्हणजे ज्या प्रयोगशाळेत संख्यात्मक नियंत्रणाचा जन्म झाला, त्याच संस्थेशी संबंधित उपक्रमातून त्याची लहान रूपे अर्ध्या शतकानंतर खेड्यातील विद्यार्थ्यांपर्यंत पोहोचली.

सामायिक कार्यशाळेत एकाच यंत्रावर दिवसभरात अनेकजण काम करतात. कोणी नामपाटी कोरतो, कोणी खुर्चीचे भाग कापतो, तर कोणी मंडलाचा साचा काढतो. प्रत्येकाचे एकक, मूळ बिंदू व कटर वेगळे असू शकतात. आधीच्या माणसाने यंत्र कोणत्या स्थितीत सोडले, हे पुढच्यास ठाऊक नसते आणि ते विचारावयास तो तेथे असेलच असेही नाही. सर्वांनी मान्य केलेला एकच पोस्ट-प्रोसेसर व त्यातील तपासलेले दोन खंड असल्यास ही माहिती माणसाच्या स्मरणावर सोपवावी लागत नाही. यंत्र ताब्यात घेताना त्याची स्थिती स्वतः सांगणे व ते सोडताना निर्धोक करून ठेवणे, ही कारखान्यातील पाळीबदलाची जुनी शिस्त या खंडांच्या रूपाने प्रत्येक आज्ञावलीत अंतर्भूत होते.